पोळ्याला घरी वाद झाला. आता घरच्यांना येशूबद्दल कसं सांगू?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नीट समजलो की नाही ते कळेल. तुम्ही दारव्ह्याकडच्या एका खेड्यातले, पुण्यात नोकरीला. दोन वर्षांपूर्वी प्रभूवर विश्वास ठेवला आणि गेल्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतला. पोळ्याला घरी गेलात, बैलांची पूजा करायला नाही म्हणालात, बाबांनी कारण विचारलं आणि तुम्ही चारचौघांत सांगितलं की मूर्तिपूजा पाप आहे. तेव्हापासून बाबा फोनवर येत नाहीत, आई रडते आणि मोठा भाऊ म्हणतो घरी येऊ नको. महालक्ष्म्या तोंडावर आल्यात. जावं का, आणि घरच्यांना पटेल असं कोणतं वचन दाखवावं, हे तुम्ही विचारलं आहे.

मी यवतमाळ-वर्धा पट्ट्यातल्या खेड्यांत पाळक म्हणून काम करतो. स्वतः कास्तकाराच्या घरचा, मंडळीतल्या म्हणजे चर्चमधल्या पहिल्या पिढीचा. त्यामुळे अशी घरं मी बाहेरूनही पाहिली आहेत आणि आतूनही. भाऊ, तुमचं काम कोणत्याही एका वचनावर अडलेलं नाही. येशू खरा की खोटा हा विषय तुमच्या घरात अजून निघालेलाच नाही. सध्या विषय एकच आहे, आपला पोरगा गेला की आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत तुम्ही योहानाचं शुभवर्तमान पाठ म्हणून दाखवलंत तरी कोणाच्या कानात शिरणार नाही.

आर्णीकडच्या एका घरची गोष्ट सांगतो. मुलगा वर्षभर बापाशी वाद घालत होता. जग कोणी निर्माण केलं, देव एक की अनेक वगैरे. एक दिवस बापानेच निरोप धाडला, "त्या पाळकाले घेऊन ये, मले त्याच्याशी बोलाचं हाय." गेलो. बुढा ओसरीत बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. वर न पाहता म्हणाला, "तीन गोष्टी सांगा. मी मेलो तं हा आग देईन का नाही? पोरीच्या लग्नात मांडवात उभा राहीन का नाही? अन् वावर? वावर चर्चले लिहून देईन काय?" येशूचं नावही त्याने काढलं नाही. मी मुलाकडे पाहिलं. त्याने तिन्हींची उत्तरं सरळ दिली. बुढा बराच वेळ शेंगा सोलत राहिला, मग पाटी माझ्याकडे सरकवली. आपल्याकडे त्याचा अर्थ असा की बसा, सोला, आता तुमचं काय ते बोला.

तेच तीन प्रश्न थोड्याफार फरकाने जवळपास प्रत्येक घरात असतात. फक्त तोंडावर कोणी विचारत नाही.

पुढचं सांगण्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या मोकळ्या करतो. तुम्ही कमावते आहात आणि बाहेर राहता, म्हणून मी बोला, जा, भेटा असं म्हणतोय. बापाच्या घरात राहून कॉलेज शिकणाऱ्या मुलीला मी हा सल्ला असा देणार नाही. तिला आधी शिक्षण पुरं कर, मनात विश्वास धर, घाई करू नको असं सांगतो. भावाचं "येऊ नको" हे रागाचं बोलणं आहे की मारहाणीची धमकी आहे, हे तुम्हालाच ओळखायचं आहे. धमकी असेल तर घरी जाऊ नका, मामाच्या घरी आईला भेटा. घर कोणतं यावरही बरंच आहे. शेगावची वारी करणाऱ्या घरातलं दुखणं वेगळं असतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला ज्यांच्या आजा-आजीने बाबासाहेबांबरोबर धम्म घेतला त्या घरातलं त्याहून वेगळं. तिथे प्रश्न मूर्तीचा नसतोच, माणूस म्हणून मिळालेला मान पोरगा सोडून चालला की काय असा असतो. बैलांची पूजा म्हणालात त्यावरून तुमचं घर पहिल्या प्रकारचं धरून लिहितो.

आता ते तीन प्रश्न.

मरणाचा सगळ्यात जड. बाबांच्या गप्प बसण्यामागे बहुतेक हाच असणार. माझं मत असं की खांदा देणं, लाकडं आणणं, मसणात शेवटपर्यंत उभं राहणं आणि वेळ आली तर अग्नी देणं हे लेकराचं काम आहे, ते करावं. पिंड, कावळ्याचा घास आणि पुढचे विधी मोठ्या भावाकडे राहू द्यावेत. तेरवीचा खर्च अर्धा उचलावा. काही मंडळ्या अग्नीलाही नाही म्हणतात, तेव्हा तुमच्या पाळकाशी आधी बोला. पण उत्तर ठरलं की ते बाबांना जिवंतपणी, स्वतःच्या तोंडाने सांगा. प्रभूने वधस्तंभावर जीव जात असताना आपल्या आईची सोय लावली, योहानाच्या १९व्या अध्यायात आहे. ज्याने त्या घडीलाही आई टाकली नाही, त्याच्या नावाने आपण बापाला वाऱ्यावर सोडतो असं गावाला वाटू देणं बरं नव्हे.

दुसरा लग्नाचा. तुमच्या बहिणीचं लिहिलं नाही, पण असेल तर आईच्या रडण्यात तिची सोयरीक अर्धी आहे. "भाऊ ख्रिश्चन झाला" एवढ्यावर पाहुणे परत गेलेले मी पाहिले आहेत. म्हणून सोयऱ्यांना काय आणि केव्हा सांगायचं हे आईबाबांना ठरवू द्या. तुम्हाला कोणी सरळ विचारलं तर खोटं बोलू नका, पण तुम्ही आपण होऊन गावभर पुकारा करत फिरू नका. लग्नात पैसा द्या, मांडव घाला, पंगती वाढा. आणि कानपिळीला उभं राहायला तर पवित्र शास्त्रात कुठेच आडकाठी नाही.

तिसरा वावराचा आणि पैशाचा. लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की मिशनवाले पैसा देतात किंवा पैसा घेतात, दोन्हीपैकी काहीतरी. तुम्ही घरी महिन्याला जे पाठवत होतात ते त्याच तारखेला, तितकंच पाठवा, या महिन्यात तर नक्कीच. बाबा बोलत नसले तरी. मंडळीला दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, देत असाल तर तो तुमच्या स्वतःच्या खर्चातून काढा, घरच्या हिश्शातून नाही. मार्कच्या ७व्या अध्यायात प्रभू ज्यांना झापतो ती माणसं आईबापाला द्यायचं ते "कुर्बान, देवाला वाहिलं" म्हणून हात झटकत होती. हा भाग नव्या विश्वासणाऱ्यांना कोणी शिकवत नाही, याचं मला नवल वाटतं.

एवढं झालं की सणांचं बोलता येतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते, बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद लावून शेकतात आणि कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तेव्हा तुम्ही कुठे होता? गोठ्यात असतात, बैल नाल्यावर नेऊन धुतले असते, शिंगं रंगवली असती, तर दुसऱ्या दिवशी आरतीला मागे उभं राहिलेलं बाबांना इतकं लागलं नसतं. वर्षभर राबलेल्या जनावराचा खांदा चोळणं हे नीतिसूत्रांतल्या नीतिमान माणसाचंच लक्षण आहे. बैलाची आरती आणि बैलाची सेवा यात फरक करता येतो, आणि तो फरक तुमच्या हाताने दिसला पाहिजे. तोंडाने सांगितला की भांडणच होतं.

महालक्ष्म्यांना जा, फक्त आधी आईला फोन करा. ऐन आरतीच्या वेळी सगळे सोयरे जमलेले असताना "मी नाही करत" म्हणणं म्हणजे तिला चार बायांत खाली मान घालायला लावणं. चार दिवस आधी सांगा: "माय, मी येतो. पूजेला बसणार नाही, पण पाणी भरतो, पंगत वाढतो, भांडे उचलतो." आपल्याकडच्या महालक्ष्म्यांना सोळा भाज्या, आंबील आणि गावजेवण असतं. वाढणाऱ्या हाताची किती ओढ असते ते तुम्हाला ठाऊक आहे. ती "ये" म्हणाली तर जा. "या साली नको" म्हणाली तर रुसू नका, सण झाल्यावर आठ दिवसांनी जा.

खाण्याबद्दल मी पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा ८वा आणि १०वा अध्याय धरून चालतो. पंगतीत जे वाढलं ते मुकाट खावं. नैवेद्याचं म्हणून कोणी मुद्दाम हातावर ठेवलं तर गोडीने मागे सारावं, आणि आईच्या हातची आंबील दुसऱ्यांदा मागून घ्यावी. याहून कडक मत असणारे पाळक आहेत, ते चूक आहेत असं मी म्हणत नाही. पण जुन्या करारात नामान नावाच्या परक्या सेनापतीने देवाच्या संदेष्ट्याला, अलीशाला, विचारलं होतं की माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोन देवाच्या मंदिरात वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा होवो; अलीशाने त्याला शांतीने जा असं सांगितलं, भाषण दिलं नाही. नव्या माणसाच्या अडचणी देवाला कळतात.

आता बोलण्याकडे येतो. पोळ्याला जे बोललात त्यातला विश्वास परत घेऊ नका, पण बोलण्याच्या रीतीची माफी मागा. बाबांना एवढंच म्हणा, "बाबा, लोकांत मी तुमच्या तोंडावर बोललो, तसं बोलायचं नव्हतं." पुढे "पण" जोडू नका. पण जोडला की माफी गेली.

देवांवर टीका कधीच नाही, गजानन महाराजांवर तर नाहीच. अथेन्सात मूर्ती पाहून पौलाच्या जिवाचा संताप झाला असं प्रेषितांच्या कृत्यांच्या १७व्या अध्यायात आहे, तरी तिथल्या लोकांसमोर उभा राहिल्यावर त्याने सुरुवात त्यांच्या भक्तीची दखल घेऊन केली. आणि १९व्या अध्यायात इफिसचा नगरलेखक, जो विश्वासणारा नव्हता, भर दंग्यात साक्ष देतो की या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही. तिथे पौल दोन वर्षांहून जास्त शिकवत होता. तुमच्या गावच्या सरपंचाला तुमच्याबद्दल असं म्हणता येईल का, हे पाहा.

मत्तयाच्या १०व्या अध्यायातलं "मुलगा व बाप यांच्यात फूट पाडायला आलो आहे" हे वचन कोणीतरी तुम्हाला धीर द्यायला दिलं असेल. ते काय सोसावं लागेल हे सांगणारं वचन आहे. फूट पाडायचं काम तुमच्याकडे सोपवलेलं नाही. काही तरुण भांडण झालं की आपण बरोबर चाललो आहोत असं समजतात. माझ्या अनुभवात अर्ध्या भांडणांचं कारण सुवार्ता नसून आवाज असतो.

घरच्यांजवळ उपदेश चालत नाही, कारण त्यांनी तुम्हाला लहानपणापासून पाहिलं आहे. खुद्द प्रभूचे भाऊही आधी त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, योहान ७:५. त्यांच्यातला याकोब पुढे मंडळीचा खांब झाला, पण पुनरुत्थित प्रभू त्याला दिसल्यावर. तोवर घरातल्या कोणाच्या बोलण्याने नव्हे. तेव्हा तुमचं काम तेवढंच, जे गरसेकरांच्या प्रदेशातल्या त्या बऱ्या झालेल्या माणसाला दिलं होतं: घरी जा आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते सांग. त्याला प्रवचन करायला सांगितलं नव्हतं.

काय सांगायचं? जे त्यांना आपल्या डोळ्यांनी ताडून पाहता येईल ते. एका मुलाच्या आईने मला विचारलं होतं, "याचा खर्रा कसा सुटला बा? आम्ही सात-आठ वर्ष बोंबललो." तो घरी येताना खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी नसायची, एवढंच तिने हेरलं होतं. त्या एका प्रश्नावर त्याला चहा थंड होईपर्यंत बोलता आलं: रात्री झोप कशी येत नव्हती, मनात काय चालायचं, येशूकडे कसा वळला. आईने विचारलं, म्हणून ऐकलं. पेत्राचं पत्र तेच म्हणतं की कोणी आशेचं कारण विचारलं तर सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यायला तयार असा. विचारेपर्यंत थांबणं याला मी भित्रेपणा मानत नाही. आणि बोलाल तेव्हा घरच्या भाषेत बोला. "मी कोकऱ्याच्या रक्ताने धुतला गेलो" हे ऐकून खेड्यातली आई घाबरते, तिला भगताची आठवण होते.

वाचायला काही मागितलं तर मार्कचं शुभवर्तमान द्या. लहान आहे, गोष्टी आहेत. बाबा भजनात बसणारे असतील तर ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक यांचे अभंग ऐकवा. "हा इंग्रजांचा धर्म" या टोमण्याला मी वर्षानुवर्षं दुसरं उत्तर दिलेलं नाही. टाळ-मृदंगावर येशूचा अभंग लागला की म्हातारी माणसं आपोआप ठेका धरतात, वाद मागे पडतो.

टिळकांचं नाव निघालं म्हणून त्यांच्या घरचंही सांगतो. हा माणूस काही काळ नागपुरात होता. ख्रिस्ताकडे वळल्यावर १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्याने बाप्तिस्मा घेतला आणि घरात आकांत झाला. त्याची बायको लक्ष्मीबाई कित्येक वर्षं माहेरच्या माणसांकडे राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या तरी आपलं सोवळं सांभाळून होत्या. त्या १९०० मध्ये स्वतः होऊन ख्रिस्ती झाल्या, आणि जे ठरवलं ते आपल्या डोक्याने ठरवलं. एका घरात नवरा-बायकोमध्ये पाच वर्षं. तुमच्या घरात चार माणसं आहेत आणि पोळा होऊन अजून पंधरवडाही झाला नाही.

काही गोष्टी मात्र अजिबात करू नका. पुण्याहून मंडळीची गाडी भरून गावात प्रार्थनेला नेऊ नका. भाच्या-पुतण्यांना आईबापाच्या मागे काही शिकवू नका. पैसा, दवाखाना, नोकरी यांची मदत करायची तर करा, पण त्याच दिवशी येशूचं नाव काढू नका. मदत ही मदतच राहू द्या. दुखण्यात प्रार्थना करू का असं विचारून करा, आणि औषध बंद करा असं चुकूनही म्हणू नका. आपल्या भागात सिकलसेलची पोरं घरोघर आहेत. "गोळ्या सोड, विश्वास ठेव" म्हणणाऱ्या माणसाने एखाद्या लेकराचं वाटोळं केलं तर ते पाप त्याच्या डोक्यावर, आणि बदनामी आपल्या सगळ्यांच्या. "येशूला मान, कर्ज फिटेल" हेही तसंच. बोंडअळी विश्वासणाऱ्याच्या कपाशीलाही लागते.

कायद्याचं थोडक्यात. राज्यघटनेचं २५ वं कलम धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क देतं. सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ मध्ये स्टॅनिस्लाउस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. मला त्यात अडचण वाटत नाही, वळवणं माझ्या हातात कधीच नव्हतं. शेजारच्या मध्य प्रदेश-छत्तीसगडात धर्मांतराचे वेगळे कायदे आहेत. मेळघाटात किंवा गोंदियात राहणाऱ्यांचे सोयरे तिकडे असतात, त्यांनी लक्षात ठेवावं. आपल्याकडे आजच्या तारखेला काय लागू आहे ते तालुक्याच्या वकिलाकडून समजून घ्या. जातीच्या दाखल्याचंही तसंच: १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे, ख्रिस्ती झाल्यावर राहत नाही, अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. लग्न झालेलं असेल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचं धर्मांतर हे घटस्फोटाचं कारण धरलेलं आहे. बायकोला अंधारात ठेवून काही करू नये याला एवढं एक कारणही पुरे, बाकी कारणं तुम्हाला कळतात.

आणि समजा उद्या आईच म्हणाली, "मले बी येऊ दे तुह्या प्रार्थनेले." तेव्हा सगळ्यात जास्त सांभाळा. बाबांना माहीत आहे का ते आधी विचारा. नसेल तर "तूच बाबांना सांग, मग जाऊ" म्हणा. आली तर मागे बसू द्या, कोणी पुढे बोलावून साक्ष मागायची नाही, बाप्तिस्म्याचं नाव काढायचं नाही, ती काढेपर्यंत. तुमच्या पाळकाला हे आधीच सांगून ठेवा. आणि मोबाइल खिशात ठेवा. आईचा हात जोडलेला फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲपवर गेला की संध्याकाळपर्यंत तो गावच्या ग्रुपवर येतो, आणि मग भावाशी बोलायला तोंड उरत नाही.